हॉलला गर्द निळा की फिकट विटकरी? आधी ट्यूब बघा

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

"हॉलला रंग द्यायचाय आणि दोन महिने झाले, आमचं एकमत होत नाहीये. मला गर्द निळा हवाय, अगदी काळ्याकडे झुकणारा. नवऱ्याला फिकट विटकरी हवाय. तो घरून काम करतो, हॉलमध्येच बसतो, मी ऑफिसातून सातनंतर येते. खिडकी एकच आहे, मोठी, पश्चिमेला, आणि वर दोन पांढऱ्या ट्यूब. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना हल्ली नीट दिसत नाही, त्या म्हणतात काहीही लावा पण उजेड राहू दे. जुन्या पिवळट भिंतीवर दोन्ही शेडचे पॅच शेजारी शेजारी मारून ठेवलेत, फोटो काढून सगळ्यांना पाठवले तर निम्मे निळा म्हणाले निम्मे विटकरी. मैत्रीण म्हणते निळ्याने मन उदास होतं, दीर म्हणतात विटकरीने डोकं तापतं. पेंटर म्हणतो दोन भिंती हा, दोन भिंती तो. आता नवरा वैतागून म्हणतोय की सरळ क्रीम लावू, कटकट नको. तुम्हीच सांगा, दोन्हींपैकी चांगला रंग कुठला? एकदा लावला की पाच-सात वर्षं तोच बघायचाय, चुकला तर काय ही भीती वाटते."

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून गेलात. नवरा दिवसभर हॉलमध्ये असतो आणि तुम्ही सातनंतर येता. पॅच, फोटो, मैत्रीण, दीर ह्या सगळ्यांवर पानभर लिहिलंय आणि ह्याला अर्धी ओळ. मला विचाराल तर अख्खं भांडण त्या अर्ध्या ओळीत आहे.

बघा ना, पश्चिमेची खिडकी म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत त्या खोलीत थेट ऊन नाहीच, नुसता आकाशाचा उजेड, तो जरा निळसर आणि मंद असतो. त्या उजेडात खिडकी झगझगीत दिसते आणि तिच्या आसपासचा गर्द निळा पॅच भिंतीला भोक पडल्यासारखा दिसतो. विटकरी त्याच वेळी शांत, सौम्य. मग दुपार कलली की ऊन आत यायला लागतं, सूर्य खाली जाईल तसं ते केशरी होत जातं, आणि विटकरी असा काही खुलतो की विचारू नका, उलट निळ्यातला निळेपणा त्या केशरी उजेडात मरतो आणि तो काळपट राखाडी होतो. तुमचा नवरा हे रोज बघतोय. तो विटकरी म्हणणार नाही तर काय म्हणणार?

आता तुमची बाजू. तुम्ही दारात पाऊल टाकता तेव्हा बाहेर अंधार आणि आत दोन पांढऱ्या ट्यूब. त्यांच्या खोक्यावर बहुतेक ६५०० केल्विन असं काहीतरी छापलेलं असेल. हा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो, २७०० म्हणजे पिवळसर, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. निळ्या भिंतीला निळ्याने भरलेला प्रकाश मिळाला की ती उठून दिसणारच. आणि विटकरीला जो लाल-केशरी भाग परत फेकायचा असतो तोच त्या प्रकाशात कमी, त्यामुळे तोच रंग रात्री मातकट, मरगळलेला वाटतो. तुम्ही हे रोज बघताय. तुम्ही निळा म्हणणार नाही तर काय म्हणणार!

म्हणजे दोघंही खरं बोलताय, फक्त वेगवेगळ्या वेळेच्या हॉलबद्दल. रविवारी तुम्हीही दिवसा घरी असता हे मान्य, पण तोवर मत पक्कं झालेलं असतं आणि मग आपण रंग बघत नाही, आपल्या मताला पुरावा शोधत असतो. तेव्हा पहिलं काम हे करा की एक आख्खा दिवस त्याच्या खुर्चीत बसा, सुट्टी घेऊन. आणि त्याला सांगा की संध्याकाळी सात ते दहा फोन बाजूला ठेवून तुझ्या जागेवरून नाही, माझ्या सोफ्यावरून भिंत बघ. अर्धा वाद इथेच विरघळेल असं मला वाटतंय, नाही विरघळला तर पुढचं वाचा.

तुमचा प्रश्न आहे दोन्हींपैकी चांगला रंग कुठला. ह्या प्रश्नातच एक गोची आहे. तुम्हाला वाटतंय की तुम्ही निळा आणि विटकरी ह्यांची तुलना करताय, पण तुम्ही निवडलेल्या दोन शेड बघा, एक जवळजवळ काळा आणि एक फिकट. इथे खरा सामना गडद विरुद्ध फिकट असा आहे, आणि निळा-विटकरी त्यात उगाच बदनाम होतायत. शेड कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या साइटवर बऱ्याचदा एलआरव्ही नावाचा आकडा दिलेला असतो, तो शोधा. पडलेल्या उजेडापैकी किती उजेड भिंत परत देते त्याचा हा आकडा, शून्य म्हणजे ठार काळा, शंभर म्हणजे शुभ्र पांढरा. तुम्ही म्हणताय तसला गर्द निळा साधारण ८ च्या आसपास असतो, फिकट विटकरी ४५ च्या आसपास. फरक नुसता पाच-साडेपाच पटींचा नाहीये, कारण उजेड एकाच भिंतीवर आपटून थांबत नाही, तिथून दुसऱ्या भिंतीवर जातो. शंभरातले ८ परत आले, ते समोरच्याही निळ्या भिंतीवर पडले तर उरला १ सुद्धा नाही. विटकरीत ४५ आले, पुढच्या भिंतीवरून २० आले, अजून खोलीत फिरतायत. चारही भिंती गर्द निळ्या म्हणजे खोलीचा उजेड फक्त छत, फरशी आणि दिवे ह्यांच्या जिवावर. सासूबाई ज्या काळजीने बोलतायत ती हीच, त्यांनी फक्त आकडा सांगितला नाही.

ह्यावरून एक गंमत करून बघा. निळ्याचाच दोन-तीन पायऱ्या फिकट भाऊ आणि विटकरीचाच दोन-तीन पायऱ्या गडद भाऊ असे आणखी दोन नमुने आणा. कदाचित असं निघेल की नवऱ्याला निळ्याचं वावडं नाहीच, त्याला अंधाराचं वावडं आहे. किंवा तुमच्या लक्षात येईल की तुम्हाला निळाच हवाय असं नाही, तुम्हाला संध्याकाळी दमून आल्यावर गडद, गुरफटून टाकणारी खोली हवीये आणि गडद विटकरीही तुम्हाला चालेल. मला नेमकं कुठलं ते माहीत नाही, पण हे तपासल्याशिवाय पेंटरला तारीख देऊ नका.

आता त्या पॅचबद्दल. शेजारी शेजारी मारलेत ना, तिथेच घोळ आहे. हा घोळ फार जुना आहे, एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे विणीचे पडदे बनत, तिथे शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचा प्रमुख होता, त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय, त्यात दम नाही. त्याने काळा तपासला, दुसरीकडच्या काळ्याशी ताडून पाहिला, रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. पुढे १८३९ मध्ये त्याने ह्यावर सविस्तर लिहिलं, की दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. तुमच्या भिंतीवर हेच चाललंय. विटकरीशेजारी निळा आहे त्यापेक्षा गडद आणि जास्त निळा, निळ्याशेजारी विटकरी आहे त्यापेक्षा फिकट आणि जास्त केशरी. त्यात मागे जुना पिवळट रंग, तो दोघांनाही आपल्यापासून लांब ढकलतो, निळ्याला आणखी निळं करतो आणि विटकरीला जरा गुलाबीकडे नेतो. थोडक्यात, दोन महिने तुम्ही जे दोन रंग बघताय त्यातला एकही तुमच्या हॉलला लागणारच नाहीये.

आणि फोटोचं तर बोलायलाच नको. फोनचा कॅमेरा स्वतःच ठरवतो की पांढरं कशाला म्हणायचं, आणि त्याप्रमाणे बाकीचे रंग सरकवतो. वर समोरच्याची स्क्रीन वेगळी, ब्राइटनेस वेगळा, रात्री बघत असेल तर नाइट मोड चालू. ज्या निम्म्या लोकांनी निळा म्हटलं त्यांनी नक्की कुठला निळा पाहिला देव जाणे. त्यांना थँक्यू म्हणा आणि विषय बंद करा.

नमुना बघायची पद्धत अशी ठेवा. दोन जाड पुठ्ठे घ्या, प्रत्येकी निदान दोन फूट बाय दोन फूट, मोठे मिळाले तर बरंच. पांढरा प्रायमर मारून त्यावर शेडचे दोन हात द्या, कडेपर्यंत, आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना एक दिसतं आणि वाळल्यावर बहुतेक वेळा जरा गडद होतं. भिंतीवरचे जुने पॅच पांढऱ्या कागदाने झाकून टाका. मग एका वेळी एकच पुठ्ठा लावा. तीन दिवस निळा, मग तो काढून कपाटामागे, मग तीन दिवस विटकरी. दोन्ही एकत्र अजिबात नको. आणि पुठ्ठा एका जागी चिकटवून ठेवू नका, सकाळी खिडकीसमोरच्या भिंतीवर, संध्याकाळी सोफ्यासमोर, असा फिरवा. पुठ्ठा उभाच हवा, टेबलावर आडवा ठेवून बघू नका, आडव्या पृष्ठभागावर वरचा उजेड पडतो आणि तोच रंग उजळ दिसतो.

विटकरीसाठी एक जास्तीचं काम आहे. पुठ्ठा मधोमध दुमडून पुस्तकासारखा उघडा धरा आणि दुमडीच्या आत बघा. तिथे रंग बाहेरच्यापेक्षा जास्त भडक, जास्त केशरी दिसेल. कारण दोन्ही बाजू एकमेकींवर आपलाच रंग फेकतायत. चार भिंतींच्या खोलीत नेमकं हेच होतं, म्हणून कार्डावर गोड वाटलेला विटकरी भिंतीवर गेला की लोक म्हणतात "अरे हा तर केवढा भडक निघाला" आणि पेंटरवर संशय घेतात. पेंटरने काही केलेलं नसतं. आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट किंवा थोडी राखाडीकडे झुकणारी शेड घेतली की भिंतीवर ती तुम्हाला हवी तशी उतरते. गर्द निळ्याचं असं होत नाही, तो परत फेकतोच इतकं कमी की दुमडीत नुसता अंधार वाढतो.

अजून एक निरीक्षण करून बघा, मला स्वतःला हे फार आवडतं. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी, ऊन गेल्यावर, अंधारून यायला लागतं तेव्हा पाच मिनिटं नुसतं बसा. लाल-विटकरी कुळातले रंग आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे त्या मानाने तग धरतात, कारण उजेड कमी झाला की डोळ्याची संवेदनशीलता निळ्या-हिरव्याकडे सरकते. पुर्किन्ये ह्या झेक शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. तुमचा निळा इतका गर्द आहे की तो तसाही अंधाराचाच राहील, पण मी म्हटलं तो दोन-तीन पायऱ्या फिकट निळा आणला असेल तर ह्या पाच मिनिटांत त्याची जादू दिसेल. कुटुंबातलं कोणी त्या वेळी दिवा न लावता बसणारं असेल तर ह्याचा विचार जरूर व्हावा.

आता उदासी आणि डोकं तापणं. मैत्रीण आणि दीर दोघांनाही प्रेमाने सांगा की रंगाचा मूडवर होणारा परिणाम जितक्या ठामपणे सांगितला जातो तितका तो ठाम नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या कोठडीला एक विशिष्ट गुलाबी रंग दिला होता, कैदी शांत होतात असा मोठा गाजावाजा झाला, पुढे नीट काळजी घेऊन प्रयोग केले गेले तेव्हा तो परिणाम काही पक्का सापडला नाही. गुलाबीची ही कथा तर निळ्याने उदासी आणि विटकरीने संताप हे कोणी कुठून आणलं? अंधारलेल्या खोलीत दिवसभर एकटं बसून कंटाळा येतो हे खरं, पण त्यात दोष उजेडाच्या टंचाईचा. तुम्हाला स्वतःला एखाद्या रंगाने काही होत असेल, आठवणीमुळे म्हणा सवयीमुळे म्हणा, तर ते जरूर धरा. दुसऱ्याचं मन तुमच्या भिंतीवर कशाला लावायचं.

सासूबाईंचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय, मी वर आणते. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि ते निळा प्रकाश अडवतं. तुम्हाला जो गर्द निळा दिसतो तो त्यांना काळा दिसत असण्याची बरीच शक्यता आहे. निळी भिंत आणि शेजारी गडद तपकिरी दार असेल तर दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते हे त्यांना कळणार नाही. पण दुसरी बाजूही बघा, निळ्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड लांबूनही दिसतो, क्रीम भिंतीवर पांढरा बोर्ड हरवतो. म्हणजे वयस्कर माणूस घरात आहे म्हणून सगळं फिकटच हवं असं नाही, त्यांना लागतं ते दोन गोष्टींतला फरक ठळक दिसणं आणि एकूण भरपूर उजेड. त्यांना सोबत घ्या, पुठ्ठा धरून विचारा "हे काय रंगाचं दिसतंय तुम्हाला?" उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल. आणि नीट दिसत नाही म्हणतायत तर डोळे तपासून घेतलेत ना? मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशन झालं तर त्यांना सगळे निळे पुन्हा निळे दिसायला लागतील, मग मतही बदलेल कदाचित.

पर्यायांवर येऊ. चारही भिंती गर्द निळ्या, हे मी तुमच्या घरात सुचवणार नाही, कारण दिवसभर तिथे बसणारा माणूस आणि कमी दिसणाऱ्या सासूबाई दोघांच्याही तोंडचा उजेड काढून घेणं आहे ते. एकटं राहणारा आणि फक्त रात्री घरी असणारा कोणी हे वाचत असेल तर त्याने बिनधास्त करावं, चांगल्या दिव्यांखाली पूर्ण गडद खोली सुंदर दिसते, आणि गडद रंगाने खोली लहानच वाटते हेही सरसकट खरं नाही, कोपऱ्यातल्या सावल्या गडद भिंतीत मिसळून जातात आणि कधीकधी खोली कुठे संपते तेच कळत नाही.

चारही भिंती विटकरी, हे चालेल, पण मग तुमच्या संध्याकाळचं काय? नवऱ्याचं ऐकलं आणि आपलं राहून गेलं हे पाच वर्षं कोपऱ्यात साचत राहतं. असं करायचंच असेल तर ट्यूब बदलल्याशिवाय करू नका.

पेंटरचा अर्धा अर्धा हिशोब, दोन भिंती हा दोन तो... नको. निळा आणि केशरी-विटकरी रंगचक्रावर समोरासमोरचे, एकमेकांना चढवणारे. सारख्या मापाने आले की दोघंही बोलत राहतात आणि ऐकणाऱ्याला त्रास. डेकोरेटर लोक ६०-३०-१० असा ठोकताळा सांगतात, एक रंग बराच, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा चिमूटभर. आकडे काही देवाने लिहिलेले नाहीत, पण एकाने मोठं आणि दुसऱ्याने छोटं असावं ही त्यातली गोम बरोबर आहे.

क्रीमबद्दल थोडं कडक बोलते. क्रीम वाईट नाही, पण नवऱ्याने ते आवडीने सुचवलं नाहीये, दमून सुचवलंय. आत्ता तुमची भिंत पिवळटच आहे ना? म्हणजे सगळा खर्च आणि धूळ सोसून तुम्ही जिथे होतात तिथेच येणार, फक्त जरा स्वच्छ. दोघांपैकी एकालाही नको असलेला रंग ही तडजोड नाही, ते भांडण पुढे ढकलणं आहे.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. आधी दिवे. ट्यूब काढून ४००० केल्विनच्या आसपासचे एलईडी लावले असते, आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा वर लिहिलेले शोधले असते. सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, स्वस्तातले दिवे ८० च्या आसपास असतात आणि त्यांच्याखाली लाल कुळातले रंग हमखास मार खातात. हे केलं की विटकरी रात्रीही जिवंत राहतो आणि निळाही निळाच राहतो. ह्याला रंगकामापेक्षा फार कमी पैसे लागतात, आणि हो, पुठ्ठ्याचा प्रयोग ह्या नव्या दिव्यांखालीच करायचा, नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग तीन भिंती फिकट विटकरी, एक पायरी उतरवून, आणि एक भिंत तुमचा गर्द निळा. कुठली? खिडकीची भिंत नाही, कारण झगझगीत खिडकीभोवती काळोखी भिंत असली की डोळ्यांना ताण येतो आणि तुमचा नवरा तर दिवसभर स्क्रीनसमोर. खिडकीच्या समोरची भिंतही नाही, खिडकीतून आलेला उजेड खोलीत परत फेकायचं काम मुख्यतः तीच करते, तिला निळं केलंत की खोलीचा अर्धा उजेड गेला. उरल्या बाजूच्या दोन. त्यातली जी काम करताना नवऱ्याच्या पाठीमागे येते आणि संध्याकाळी सोफ्यावरून तुमच्या समोर येते ती. तशी जुळत नसेल तर टेबल फिरवा, भिंत फिरवण्यापेक्षा सोपं आहे. वर तिला वेगळा पिवळसर दिवा नको, तोच ४००० वाला, नाहीतर निळा गढूळ दिसेल. आणि त्या भिंतीला लागून गडद दार असेल तर चौकट फिकट करून घ्या, सासूबाईंसाठी.

बाजूच्या भिंतीचा एक तोटा आहे तो आधीच सांगते. खिडकीतला उजेड तिच्यावर तिरपा, घासून जातो. त्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा, रोलरची प्रत्येक पट्टी, जुन्या खिळ्याचं बुजवलेलं भोक, सगळं दिसतं, आणि गडद रंगात तर जास्तच. म्हणून त्या भिंतीची पुट्टी आणि घासकाम मनापासून करून घ्या, अंधारात टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा मारून बघा, पेंटरला आवडणार नाही पण बघा. फिनिश मॅट घ्या, चकाकी जितकी जास्त तितके दोष जास्त दिसतात. मॅटवर हात किंवा खुर्ची घासली की पांढुरकी रेघ उमटते हा त्याचा त्रास, त्यामुळे सोफा चार बोटं पुढे ठेवा. कुठे ओल किंवा पोपडे असतील तर तिथलं मूळ दुखणं आधी, रंग नंतर, गडद रंगावर ओलीचे पांढरे डाग फार वाईट दिसतात.

भीतीबद्दल. चुकला तर काय, तर परत लावायचा, पण दोन्ही चुका सारख्या महाग नाहीत. फिकटावर गडद चढवणं सोपं, गडद झाकून फिकट आणायला प्रायमर आणि जास्तीचा हात लागतो. म्हणून हवं तर हे दोन टप्प्यांत करा. आधी चारही भिंती फिकट विटकरी, महिनाभर राहा, आणि मग निळ्याची हौस तशीच असेल तर ती एक भिंत. एका भिंतीसाठी पेंटरला परत बोलावणं जिवावर येतं हे खरं, पण पेंटर येणारच नसेल तर एक भिंत दोघांनी मिळून करता येते, आणि अशी भिंत नंतर कोणी नावं ठेवली तरी सहन होते.

बाकी किरकोळ. गर्द निळ्याला पांढरं रंगद्रव्य कमी असलेला बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग) वापरतात, त्यामुळे पहिला हात मारल्यावर तो ढगाळ, पट्टेरी दिसतो. त्या दिवशी भिंतीसमोर उभं राहून रडू नका, दुसरा हात वाळला की बोला, कधी तिसराही लागतो. एका भिंतीला एकापेक्षा जास्त डबे लागणार असतील तर सगळे एका बादलीत एकत्र करून घ्या, डब्याडब्यात बारीक फरक असतो. कोपऱ्यात दोन रंग भेटतात तिथे आधी विटकरी थोडा निळ्याच्या हद्दीत जाऊ द्या, वाळला की टेप लावून निळ्याची धार काढा, उलटं केलं तर निळा खालून डोकावत राहतो. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, हळूच, तिरपी ओढून काढायची. शेडचा कोड आणि फिनिश डब्यावरून वहीत लिहून घ्या आणि थोडा रंग घट्ट झाकून ठेवा, टचअपला लागेल.

आणि सुट्टी घेऊन त्याच्या खुर्चीत बसायचं म्हटलं ना, तो दिवस ढगाळ निघाला तर दुसरा दिवस घ्या, ऊन असलेला. पेंटरला तोवर "पुढच्या आठवड्यात कळवते" एवढंच सांगा.